दमट पहाट आणि सायकलींचा जथा

मुंबई आणि परिसरातील सायकल-क्लबांचे वर्ष हिवाळ्याभोवती आखलेले असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत लांब पल्ल्याच्या मोहिमा आणि घाटांच्या चढाया उरकल्या जातात, आणि मार्च निम्मा सरला की रविवारच्या सामूहिक फेरीला, म्हणजे क्लबच्या बोलीतील ‘ग्रुप राइड’ला, येणाऱ्यांची संख्या रोडावू लागते. तरीही फेरी बंद पडत नाही. विक्रोळीच्या कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाइट अशा वसाहतींतून पहाटे निघून पूर्व द्रुतगती महामार्गाला लागणारे सायकलस्वार एप्रिल-मे महिन्यांतही दिसतात. बघणाऱ्याला तो हौसेचा अतिरेक वाटण्याची शक्यता आहे. परंतु दमट उष्म्यात शरीर, वारा आणि समूह यांचे नाते कसे बदलते, हे समजून घ्यायला याहून सोयीचे उदाहरण या शहरात सहसा सापडणार नाही.

रोड सायकलिंग म्हणजे अरुंद टायरच्या, हलक्या आणि खाली वळलेल्या हँडलच्या सायकलीवर पक्क्या रस्त्याने सलग तीस-चाळीस ते शंभर किलोमीटर अंतर कापणे, अशी या खेळाची ढोबळ व्याख्या करता येते. प्रत्यक्षात मुंबईच्या गटांत जाड टायरच्या ‘एमटीबी’ आणि मधल्या जातीच्या ‘हायब्रिड’ सायकलीही सर्रास असतात, आणि शहरातील खड्डे पाहता त्यांच्या मालकांना कमी शहाणे म्हणता येत नाही. क्लब ही नोंदणीकृत संस्था असेलच असेही नाही. बहुतेक वेळा तो एका परिसरातील नोकरदार, व्यावसायिक, विद्यार्थी आणि निवृत्त मंडळींचा व्हॉट्सॲपवर जुळलेला गट असतो, ज्यात आदल्या रात्री मार्ग, निघण्याची वेळ आणि अपेक्षित वेग जाहीर होतो आणि सकाळी जो येईल तो सामील होतो.

विक्रोळीचे स्थान या दृष्टीने सोयीचे आहे. पूर्वेस ठाणे खाडीची खारफुटी आणि पश्चिमेस पवईची टेकाडे यांच्या मधल्या पट्ट्यात पूर्व द्रुतगती महामार्ग आणि लालबहादूर शास्त्री मार्ग हे दोन उत्तर-दक्षिण रस्ते जातात, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता येथूनच पश्चिम उपनगरांकडे निघतो, आणि रेल्वेमार्गामुळे दुभंगलेले विक्रोळीचे दोन भाग २०२५च्या जूनमध्ये खुल्या झालेल्या उड्डाणपुलाने थेट जोडले गेले आहेत. त्यामुळे येथील गटासमोर तीन-चार नेहमीचे पर्याय असतात : उत्तरेस मुलुंडवरून ठाण्याला जाऊन येऊरची चढण, मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडून ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशी आणि तेथून मानखुर्द, चेंबूरमार्गे परत, असा खाडीभोवतीचा चाळीसेक किलोमीटरचा वळसा, दक्षिणेस शीव, दादर, वरळी करीत नरिमन पॉइंट, आणि पवईवरून आरे वसाहत. हिवाळ्यात यांतील निवड अंतर आणि चढ पाहून होते, पण उन्हाळ्यात तिचे निकष पार बदलतात. खाडीवरच्या पुलांवर सावलीचा एक ठिपकाही नसतो, दक्षिण मुंबईच्या वाटेवर सिग्नल फार, तर आरेचा रस्ता गर्द झाडीतून जातो आणि त्यावर थांबावे लागत नाही, हे मुद्दे मे महिन्यात किलोमीटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे ठरतात.

या बदलाचे कारण मुंबईच्या उन्हाळ्याच्या स्वभावात आहे. ‘उन्हे चढायच्या आत घरी परतावे’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्यही आहे, मात्र त्यामागची समजूत, की पहाटे हवा थंड असते म्हणून शरीर सुरक्षित राहते, ती किनारपट्टीवर अर्धीच खरी आहे. मे महिन्यातील पहाटे मुंबईचे तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ सामावू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ, ऐंशी टक्क्यांच्या घरात असते. दुपारी तापमान चौतीसवर जाते आणि आर्द्रता साठ टक्क्यांपर्यंत उतरते. आर्द्रतेचा आकडा उतरला म्हणजे हवा कोरडी झाली असे वाटते, परंतु हवेतील पाण्याचे प्रत्यक्ष प्रमाण दोन्ही वेळी जवळजवळ तेवढेच असते, केवळ गरम हवेची वाफ सामावण्याची क्षमता वाढलेली असते.

घामाच्या दृष्टीने काय घडते ते आर्द्र तापमापकावरून कळते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावरून हवा खेळू दिली असता पाण्याच्या बाष्पीभवनामुळे पारा खाली येतो. तो जेथे स्थिरावतो ते आर्द्र तापमान, आणि घामाने निथळणारे शरीर त्या हवेत जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल याची ती सर्वसाधारण सीमा असते. वर दिलेल्या आकड्यांवरून गणित मांडले तर मुंबईच्या पहाटेचे आर्द्र तापमान सुमारे पंचवीस आणि दुपारचे साडेसत्तावीस अंश येते. साध्या तापमापकावर दिसणारा साडेसहा अंशांचा फरक येथे तीनच्याही आत येतो. तुलनेसाठी नागपूरची चव्वेचाळीस अंशांची, वीस टक्के आर्द्रतेची दुपार घेतली तर तिचेही आर्द्र तापमान पंचवीसच्या आसपासच भरते. याचा अर्थ नागपूरची दुपार मुंबईच्या पहाटेइतकी सौम्य असते असा मुळीच नाही, कारण तेथे तापलेली हवा आणि ऊन दोन्ही शरीरात उष्णता ओतत असतात. परंतु केवळ घाम सुकण्यापुरता विचार केला तर विदर्भातील भर दुपार आणि विक्रोळीतील सूर्योदय यांत अनपेक्षित साम्य आहे.

पहाटे निघण्याचा खरा फायदा उन्हापासून मिळणाऱ्या सुटकेत आहे, आणि तो मोजण्यासाठी एक मिश्र निर्देशांक वापरला जातो. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डब्ल्यूबीजीटी’ या नावाने ओळखला जाणारा हा निर्देशांक १९५०च्या दशकात अमेरिकी मरीन दलाच्या प्रशिक्षण केंद्रांवर उष्माघाताने जवान दगावू लागल्यावर तयार झाला. त्यात आर्द्र तापमानाला सत्तर टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या आतील तापमानाला वीस टक्के आणि सावलीतील साध्या तापमानाला अवघे दहा टक्के वजन दिलेले असते; बातम्यांत रोज ठळकपणे छापला जाणारा कमाल तापमानाचा आकडा या हिशेबात सर्वांत कनिष्ठ ठरतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जागतिक सायकल महासंघाने, म्हणजे ‘यूसीआय’ने, २०२४पासून व्यावसायिक शर्यतींसाठी उष्णतेची जी नियमावली लागू केली तीही याच निर्देशांकावर आधारलेली असून, तिच्यात तेवीस ते अठ्ठावीस अंशांचा पट्टा नारंगी आणि त्यापुढचा लाल मानला आहे. मुंबईच्या मे महिन्यातील पहाटेचा निर्देशांक सूर्य उगवण्यापूर्वीच साडेपंचवीसच्या आसपास, म्हणजे नारंगी पट्ट्यात असतो. सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, आणि निरभ्र आकाश असेल तर आठ-साडेआठपर्यंत निर्देशांक लाल रेषा ओलांडून जातो. विक्रोळीच्या सायकलस्वाराला उन्हाळ्यात मोकळीक मिळते ती एवढ्या दोन-अडीच तासांची, आणि तीही हिरव्या पट्ट्यातली कधीच नव्हे.

मार्चचा प्रकार आणखी निराळा असतो. त्या महिन्यात जमिनीकडून, पूर्वेकडून, कोरडे तप्त वारे वाहत असतात आणि दुपारी समुद्रावरून येणारे गार वारे ज्या दिवशी उशिरा पोहोचतात त्या दिवशी पारा झपाट्याने चढतो. किनारपट्टीवर कमाल तापमान सदतीस अंशांवर जाऊन ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असले की हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा निकष पुरा झाला असे मानतो, आणि मुंबईत हा निकष मेपेक्षा मार्चमध्ये पुरा होण्याचे प्रसंग अधिक येतात. ज्या शरीरांनी नुकताच हिवाळा सोडला आहे त्यांच्यावर हा घाला पडत असल्याने क्लबांनी सर्वाधिक सावध राहण्याचा काळ मार्चअखेरचा आहे.

सायकल चालवताना निर्माण होणाऱ्या उष्णतेचा हिशेब सोपा आहे आणि थोडा धक्का देणारा आहे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी स्नायू पाचवा किंवा फार तर चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोहोचवतात. उरलेली सगळी शरीरातच उष्णता होऊन राहते. सपाट रस्त्यावर दीडशे वॅट शक्ती लावून चाललेला मध्यम तयारीचा सायकलस्वार पाच-सहाशे वॅट उष्णता निर्माण करीत असतो. ही सगळी उष्णता केवळ घामाने बाहेर टाकायची म्हटली तर तासाला जवळजवळ एक लिटर घाम सुकला पाहिजे, आणि येथे ‘सुकला’ या क्रियापदावर सारा भर आहे, कारण हनुवटीवरून ठिबकून डांबरावर पडलेल्या घामाने पाणी आणि मीठ तेवढे जाते, उष्णता जात नाही. कोरड्या प्रदेशात घाम अंगावर दिसण्याआधीच सुकतो, तर मुंबईत त्याचा मोठा भाग वाया जातो. शरीर त्याची भरपाई आणखी घाम गाळून करू पाहते, आणि जर्सी पिळून पाणी काढता येईल अशी अवस्था होऊनही आतील तापमान चढत राहते.

यावर सायकलस्वाराजवळ असलेला सर्वांत मोठा उपाय म्हणजे त्याच्याच वेगाने निर्माण होणारा वारा. ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाच्या अंगाला लागून असलेला बाष्पाने भरलेला हवेचा थर सतत पुसला जातो आणि घामाला सुकायला वाव मिळतो. म्हणूनच त्याच हवेत तितकेच कष्ट करणाऱ्या धावपटूपेक्षा तो बराच सुखी असतो. मात्र हा वारा उसना आहे. सिग्नलवर पाय टेकताच, चढावर वेग दहा-बाराला उतरताच, किंवा चहाच्या टपरीपाशी सगळे घोळका करून उभे राहताच तो थांबतो, स्नायूंत साठलेली उष्णता मात्र बाहेर येतच राहते. थांबल्याबरोबर घामाच्या धारा लागण्याचा अनुभव प्रत्येक सायकलस्वाराला असतो, त्याचे कारण हेच. येऊरची चढण चार-पाच किलोमीटरचीच असली तरी उन्हाळ्यात ती चाळीस किलोमीटर सपाटीपेक्षा अधिक थकवते, कारण तेथे कष्ट सर्वाधिक आणि वारा सर्वांत कमी, अशी दुहेरी कोंडी होते.

आता यात समूह आणला की गणित गुंतागुंतीचे होते. ताशी तीस किलोमीटरच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते, त्यामुळे पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून चालणाऱ्याला, म्हणजे ‘ड्राफ्टिंग’ करणाऱ्याला, पाव ते तिसरा हिस्सा कष्ट वाचवता येतात. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन विद्यापीठाचे तत्कालीन प्राध्यापक बर्ट ब्लोकेन यांनी २०१८मध्ये १२१ सायकलस्वारांच्या दाट थव्याचा अभ्यास करून असे दाखवले की थव्याच्या अगदी आतल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या पाच ते दहा टक्के इतकाच वाऱ्याचा विरोध होतो. कष्ट कमी म्हणजे उष्णता कमी, हा समूहाचा लाभ. पण विरोध कमी म्हणजे अंगावरचा वाराही कमी, हा त्याचाच तोटा. सहा-आठ जणांच्या विरळ रांगेत लाभाचे पारडे सहसा जड राहते, परंतु त्यासाठी एक अट आहे, ती ही की वाचलेल्या शक्तीचा उपयोग वेग वाढवण्यासाठी होऊ नये. हवेचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी सव्वीसचा गट तीसवर गेला की पुढच्या स्वाराचे त्यापोटीचे कष्ट दीडपट होतात, आणि मागच्यांना आपण आरामात चाललो आहोत असे वाटत असतानाच तो पुढचा माणूस भाजून निघत असतो. जाणत्या गटांत उन्हाळ्यात पुढे राहण्याची पाळी हिवाळ्यापेक्षा निम्म्या वेळाने बदलली जाते आणि दोन चाकांतील अंतरही जाणूनबुजून थोडे वाढवले जाते.

समूहाचा दुसरा, मानसिक परिणाम याहून गंभीर आहे. एकटा माणूस थकला की हळू होतो. गटातला माणूस मात्र आपल्या शरीराच्या वेगाने न जाता गटाच्या वेगाने जातो, आणि मागे पडण्याच्या संकोचापायी पहिल्या इशाऱ्यांकडे काणाडोळा करतो. उष्णतेच्या विकारांत ही चूक विशेष महाग पडते, कारण मेंदू तापू लागला की निर्णयशक्ती आधी मंदावते आणि आपली निर्णयशक्ती मंदावली आहे हे ओळखण्याची क्षमताही तिच्याबरोबरच जाते. अशा माणसाला ‘बरा आहेस ना?’ असे विचारले तर तो ‘बरा आहे’ असेच सांगतो. म्हणून उन्हाळ्यातील फेरीत समूहाचे खरे मूल्य वारा अडवण्यात नसून परस्परांवर ठेवलेल्या नजरेत आहे, आणि जो गट आपला वेग टिकवण्यासाठी ही नजर गमावतो त्याच्यापेक्षा एकट्याने, हळू, आरेच्या झाडीत फिरणारा माणूस अधिक सुरक्षित असतो असे म्हणावे लागेल.

या नजरेची व्यवस्था क्लबांच्या रूढ पद्धतीत मुळातच आहे, फक्त उन्हाळ्यात ती गांभीर्याने पाळावी लागते. सर्वांत पुढे मार्ग आणि वेग ठरवणारा ‘लीड’ असतो, तर सर्वांत मागे राहून कोणी सुटत नाही ना हे पाहणारा ‘स्वीप’. खड्डा, गतिरोधक, मागून येणारी बस यांची सूचना हाताच्या खुणेने आणि आवाजाने रांगेत पुढून मागे, मागून पुढे पोहोचवली जाते. कोणालाही मागे न सोडण्याच्या फेरीला ‘नो ड्रॉप’ म्हणतात. उन्हाळ्यात स्वीपचे काम सर्वांत अनुभवी माणसाकडे असावे, कारण त्याला पुढच्यांच्या पाठी दिसत असतात, आणि पाठीवरून बरेच काही ओळखता येते : सरळ रेषेत चालणारी सायकल विनाकारण डावी-उजवीकडे भरकटू लागणे, गिअर बदलण्याचे भान सुटणे, एरवी बडबड्या असलेल्या माणसाचे एकाएकी गप्प होणे, खड्ड्याची खूण पुढे न देणे. नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ जवळ असेल तर नेहमीच्या वेगाला ठोके नेहमीपेक्षा दहा-पंधराने अधिक पडताना दिसतात. रक्ताचा मोठा वाटा थंडाव्यासाठी त्वचेकडे वळवला गेल्याने आणि घामामुळे रक्तातील पाणी घटल्याने हृदयाला तेवढीच कामगिरी अधिक ठोक्यांत करावी लागते. अशा वेळी वेगाचा काटा विसरून ठोक्यांच्या मर्यादेत चालावे, हा नियम उत्तम आहे आणि सर्वाधिक मोडला जाणाराही आहे, कारण फेरीनंतर ‘स्ट्राव्हा’ या ॲपवर वेग सर्वांना दिसतो, ठोके सहसा कोणी पाहत नाही.

पाण्याविषयी जितके लिहिले जाते तितके येथे लिहिण्याची गरज नाही, पण मिठाविषयी थोडे लिहिले पाहिजे. घामाबरोबर दर लिटरमागे साधारण एक ग्रॅम सोडियम जाते, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम साधे मीठ. व्यक्तीनुसार हे प्रमाण बरेच कमीअधिक असते, आणि ज्यांच्या गडद जर्सीवर वाळल्यानंतर पांढरे पट्टे उमटतात त्यांचे ते अधिक असते असे समजायला हरकत नाही. तीन-चार तासांच्या फेरीत नुसते पाणी भरपूर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम विरळ होऊन डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण, आणि टोकाला गेल्यास झटके येतात. ही लक्षणे पाणी कमी पडल्याच्या लक्षणांसारखी वाटत असल्याने सोबती रुग्णाला आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण चिघळवतात. एका बाटलीत पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचे पेय ठेवण्याची पद्धत यासाठीच आहे. दुकानातील रंगीत पेयांपेक्षा लिंबू सरबत, मीठ-जिरे घातलेले कोकम सरबत किंवा ताक या घरगुती गोष्टी कोठेही उण्या नाहीत, मात्र त्यांत मीठ खरोखर घातलेले असावे. ओआरएसची पुडी सांगितलेल्या एक लिटर पाण्यातच मिसळावी. अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी ओतण्याची जी घाई केली जाते तिच्यामुळे पोट बिघडते आणि हेतू साधत नाही.

शरीराला उष्णतेची सवय होते, आणि ती होण्यास लागणारा काळ दहा ते चौदा दिवसांचा आहे, हे या विषयातील सर्वांत आशादायक सत्य म्हटले पाहिजे. रोज तासभर उष्ण हवेत बेताचा व्यायाम केला असता रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर आणि अधिक सुटतो, त्यातील मीठ कमी होते आणि त्याच वेगाला नाडी खाली उतरते. आठवडाभर वातानुकूलित कार्यालयात बसून रविवारी एकदाच ऐंशी किलोमीटर मारणाऱ्याला यातले फारसे काही मिळत नाही. त्याच्यापेक्षा रोज सायकलने कामावर जाणारा उन्हाळ्यासाठी अधिक तयार असतो. या सवयीचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण महाराष्ट्रातील सायकलपटूंनी घालून दिले आहे. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सुरू होते आणि लगेच कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या वाळवंटात शिरते, जेथे पारा चाळिशीच्या वर असतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५मध्ये दोघांचा संघ करून ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, आणि २०१७मध्ये नाशिकचेच सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. चौघेही डॉक्टर असावेत हा योगायोग असेल, पण तो मजेदार आहे. त्या वाळवंटात स्वाराच्या मागे बर्फ, पाणी आणि माणसे घेऊन गाडी चालत असते आणि हवा कोरडी असते. मुंबईच्या दमट हवेला शरीर सरावते तेही मर्यादेपर्यंतच, कारण घाम कितीही वाढला तरी तो सुकवण्याची हवेची क्षमता वाढत नाही.

उष्णतेचा बळी ठरण्यासाठी सायकल चालवावीच लागते असे नाही, हे १६ एप्रिल २०२३ रोजी खाडीपलीकडे खारघरला दिसून आले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्या जनसमुदायातील चौदा जण उष्माघाताने मृत्यू पावले, आणि त्या दिवशी परिसरातील तापमान अडतीस अंशांच्या आसपास, म्हणजे विदर्भात ज्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही इतकेच होते. कष्टाच्या व्यायामात होणारा उष्माघात याहून वेगाने येतो आणि त्याची ओळख पटवण्यात एक गैरसमज आड येतो. अंग कोरडे पडले तरच उष्माघात, असे पाठ्यपुस्तकी वर्णन अनेकांच्या मनात असते. व्यायामातील उष्माघातात मात्र माणूस घामाने भिजलेला असू शकतो. आतील तापमान चाळीस अंशांवर जाणे आणि वागण्या-बोलण्यात गोंधळ होणे, ही त्याची खरी खूण. रस्त्यावर आतील तापमान मोजता येत नाही, त्यामुळे माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघातच आहे असे धरून चालावे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत वाट पाहत बसू नये : सावलीत आडवे करून, कपडे सैल करून, मिळेल तेवढे गार पाणी अंगभर ओतत राहावे, काख, मान आणि जांघेत बर्फ ठेवावा, वारा घालावा. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले तर बहुतेक जण वाचतात, म्हणून आधी थंड करणे आणि मग हलवणे असा क्रम वैद्यक सांगते. शुद्ध पुरती नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. महामार्गालगत बर्फ कोठे मिळतो हे ठाऊक असणे ही उन्हाळ्यातील लीडची जबाबदारी मानावी; उसाच्या रसाची गाडी त्यासाठी दवाखान्यापेक्षा जवळ असते.

उन्हाने टायर फुटतात ही जुनी भीती मात्र बाजूला ठेवता येईल. पहाटे नव्वद पीएसआय हवा भरलेले टायर वीस अंशांनी तापले तरी दाब सत्त्याण्णवच्या पुढे जात नाही, आणि चांगले टायर तेवढे सहज सोसतात. उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्याने रिम तापते, तो धोका अधिक खरा आहे.

क्लबच्या या साऱ्या शहाणपणाला एक मर्यादा आहे. साडेआठला घरी परतून पंख्याखाली बसता येईल, हे त्यात गृहीत धरलेले आहे. याच रस्त्यांवर पाववाले, दूधवाले, डबेवाले आणि आता घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवणारी तरुण मुले सायकलीने फिरत असतात, वजनासह, दर इमारतीपाशी थांबत, म्हणजे वेगाच्या वाऱ्यावाचून, आणि पुष्कळदा भर दुपारी. त्यांच्या मागे स्वीप नसतो. शहरानेही सायकलीला जागा देण्यात फारशी उदारता दाखवलेली नाही : वांद्रे-वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्तमार्ग, सागरी किनारा मार्ग आणि अटल सेतू या चारही नव्या वाटांवर तिला प्रवेश नाही, वांद्रे-कुर्ला संकुलातील सायकल-मार्गिका वाहने उभी करण्याच्या कामी आल्या, आणि पवई तलावाकाठचा सायकल-मार्ग मे २०२२मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, जो निर्णय तलावाच्या दृष्टीने योग्यच होता. राहतात ते जुने रस्ते, ज्यांपैकी लालबहादूर शास्त्री मार्ग आणि जोडरस्ता हे दोन्ही मेट्रोच्या बांधकामाने वर्षानुवर्षे अरुंद झाले आहेत.

पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळी-घाटकोपरच्या पट्ट्यात गुलाबी फुलांच्या टॅबेबुइयाची, लोकांच्या तोंडी ‘बसंत रानी’ झालेल्या झाडांची रांग आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती फुलली की छायाचित्रे काढायला गर्दी होते. तेव्हा तिच्यावर पान जवळजवळ नसते आणि सावलीही नसते. मेपर्यंत पालवी दाट होते. वाहतूक डावीकडून चालत असल्याने ठाण्याहून परतणारी दक्षिणेची मार्गिका महामार्गाच्या पूर्व अंगाला येते, आणि मे महिन्यात सकाळी आठला आठ मीटर उंचीच्या झाडाची सावली पंधरा-सोळा मीटर लांब, पश्चिमेकडे पडते. त्यामुळे पूर्वेच्या कडेला झाड असेल तेथे निर्देशांक लाल रेषा ओलांडत असण्याच्या नेमक्या वेळी परतणाऱ्यांना तिचा आडोसा मिळतो. घाटकोपरच्या छेडा नगरपासून ठाण्याकडे महामार्गाच्या माथ्यावरून जाणाऱ्या उन्नत मार्गाच्या कामात कडेच्या झाडांचा प्रश्न चर्चेला आला तेव्हा बोलणे बहुतेक फुलांच्या सौंदर्याविषयी झाले. सकाळी आठच्या सावलीचा हिशेब त्या चर्चेत कोणी मांडला असता, तर त्यात क्लबच्या सायकलस्वारांबरोबर दूधवाल्यांचाही वाटा निघाला असता.